पांढऱ्या फडक्याखालची बैठक

मोहाऊच्या बायकोनं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं. दोन घोंगडी, एक पातेलं आणि लेकीचा, पुलेंगचा, शाळेतला फोटो.

"आता पुन्हा पांढऱ्या फडक्याखाली दिसलात," मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आई, म्हणाली, "की मी चालले सेलोदादाकडं. त्याच्या घरात कुणाच्या ओठाला थेंब लागत नाही."

सेलो तिचा थोरला भाऊ, चर्चचा पंच. त्याच्या बुटांत बघून भांग पाडावा असे ते चकचकीत. त्याचं नाव निघालं की मोहाऊला घोंगडीत तोंड घालावंसं वाटायचं.

पण हा-रामोना नावाच्या त्यांच्या गावात पांढरं फडकं चुकवायचं म्हणजे आभाळ चुकवून चालणं. मांस विकायचं असेल तर काठीला लाल फडकं, भाजी असेल तर हिरवं, आणि ज्वारीची दारू आंबून तयार झाली की पांढरं. उतरणीवर ती फडकी अशी हलायची, जणू घराघरानं हात करावा. ये रे राजा, टेक रे राजा. आणि मोहाऊराजा जन्मभर टेकत आला होता.

दवाखान्यातल्या नर्सनं त्याला गुरुवारची बैठक सांगितली. दारू सोडणारे एकत्र बसतात म्हणे. कोण बसतं, कुणाच्या घरी, हे मात्र सांगायचं नाही, तसा नियमच. "पलीकडच्या वाडीत झऱ्याच्या वर, निळं दार, पुढं पीचचं झाड. सापडेल."

रविवारपासून पोटात थेंब नव्हता. जिभेला कोरड होती. आज ही बैठक हुकली तर दिवे लागायच्या आत आपण कुठं बसलेलो असू, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

वाटेत मेंढरं राखणारा म्हातारा भेटला.

"झरा होय? मामोसाच्या दारूवरून खाली उतर. मग ती पाणी घालून विकते ना, तिच्या डावीकडनं. पुढं मालेराटो, तिची आज ताजी आहे. तिथनं झरा दिसतो. म्हणजे, उभं राहता आलं तर."

"गावात दुसऱ्या खुणा नाहीत का, बाबा?"

"आहे की. चर्च आहे. पण ते कुठल्याच दारूच्या वाटेवर नाही, मग सांगू कसं?"

मोहाऊ निघाला. मामोसाचं फडकं आलं, त्यानं मान खाली घातली. पाणीवालीचं आलं, त्यानं नाक दाबलं. मालेराटोच्या अंगणातून कुणीतरी प्रेमानं शिवी हासडली, तीही त्यानं गिळली. अंगात कसं मर्दासारखं वाटू लागलं. झरा आला. वर पीचचं झाड आलं, निळं दार आलं, आणि दारापुढच्या काठीवर पांढरं शुभ्र फडकं.

"नर्सबाई पिऊन होती वाटतं," तो पुटपुटला आणि छाती काढून पुढं गेला.

वर गेला, खाली आला. दुसरं निळं दार नव्हतं. तो पुन्हा वर गेला.

"अहो पाव्हणे," दारातून एक धिप्पाड बाई ओरडली. ही मालिनेओ. "प्यायला येणारा सरळ आत येतो. अशा घिरट्या घालणारा सोडायलाच आलेला असतो. या."

"मग हे फडकं?"

"आधी मिशनच्या हॉलमध्ये बसायचो. जो आत शिरला, त्याच्यासाठी संध्याकाळी अख्खा गाव प्रार्थना करायचा. त्या लाजेनं दोघं पुन्हा प्यायला लागले. इथं कोण बघतंय? प्यायला गेला म्हणतात न् विसरतात."

"आणि खरेच पिणारे आले तर?"

"त्यांना आल्याचं सरबत देते. शिव्या घालून जातात. एक तेवढा राहिला."

झऱ्यावर धुणं धुवायला आलेली मोहाऊची शेजारीण मात्सिदी समोरच्या उतरणीवर घोंगडी वाळत घालत होती. घालता घालता ती थांबली आणि इकडं बघत राहिली. मोहाऊच्या डोळ्यांपुढं दाराशी ठेवलेलं गाठोडं आलं. आत गेलो तर बायको जाते. मागं फिरलो तर मालेराटोची ताजी आहे. तो आत गेला.

मात्सिदीनं बातमी पोचवायला वेळ लावला नाही. सरबताचा दुसरा पेला संपायच्या आत अंगणात आवाज आला. "पुलेंगच्या बा, बाहेर या."

डोक्यावर गाठोडं, हातात काठी. मापुलेंग दारात उभी. आतले सगळे आपापल्या पेल्यात बघू लागले. कोपऱ्यातल्या एकानं तेवढी घोंगडी डोक्यावरून खाली ओढली. पण खाली ओढून ओढणार किती? बूट उघडे राहिले. चकचकीत.

"दादा?"

घोंगडी हलली. "सुगीपासून येतोय, बाई," सेलो आतूनच म्हणाला. "मागच्या भिंतीवरून."

मापुलेंगनं पेला उचलून हुंगला. आलं नाकात गेलं, शिंक आली. मग ती खाली बसली, गाठोड्यावरच.

"म्हणजे आता रुसून जायलाही घर उरलं नाही," ती म्हणाली.

"इथं दिसलेलं इथंच ठेवायचं हं, बाई," मालिनेओनं बजावलं आणि तिच्यापुढंही पेला सरकवला.

उन्हं कलली तेव्हा सेलो भिंतीवरून गेला. मापुलेंग दारातून निघाली, तिच्या मागं मोहाऊ. गाठोडं आता त्याच्या डोक्यावर होतं. मात्सिदी वाटेतच उभी होती.

"सापडला का गं?"

"सापडला की."

"शुद्धीत आहे?"

"कसली शुद्ध? मालिनेओची ज्वारीची ढोसून बसला होता मेला." मापुलेंगनं मान ताठ केली. "पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार म्हणतो."

बायकोचा शब्द खाली पडू नये म्हणून मोहाऊनं एक पाऊल वाकडं टाकलं. जन्माची सवय, पण आज काही केल्या ते नीट जमेना.