ओळी मोजणारी

"भाऊजी, बसा ना हो," मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. मी बसलो आणि लगेच उठलो.

बायकोचं सामान न्यायला तिच्या प्रयोगशाळेत आलो होतो; मॅडम तिथल्या प्रमुख. डबा, चष्मा, स्वेटर. पिशवी भरून झाली तरी पाय निघेना. ती फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेली. सिगारेट मी ओढायचो. एकतीस वर्षं, घरातच, खिडकीशी उभा राहून.

"ती इथं नेमकं करायची काय?" मी विचारलं. घरी ती एवढंच सांगायची, की पेशी शेजारणींशी बोलतात, ते मी मोजते. मी म्हणायचो, "म्हणजे तिथंही चहाड्याच!" ती हसायची आणि खिडकी आणखी उघडायची.

मॅडमनी खोलीत अंधार केला आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. काचेच्या बशीत पेशींचा थर, त्यावर ब्लेडची एक चीर, चिरेत हिरवा रंग. तो शेजारच्या पेशीत, तिथून पुढच्या, असा पाच-सहा ओळी पसरला होता.

"ताई या ओळी मोजायच्या. कुठल्या बशीत काय घातलंय, ते मोजणाऱ्याला आम्ही सांगत नाही. नाहीतर मन आकडा वळवतं."

दुसऱ्या बशीत रंग चिरेपाशीच अडकला होता.

"यात सिगारेटच्या धुराचा अर्क आहे. त्यानं पेशींमधली दारं बंद होतात. एखादी बिघडली, की शेजारणी तिला 'पुरे, आवर आता' असं सांगत असाव्यात. ते पोचलं नाही, तर ती वाढत सुटते. बशीत तरी असं दिसतं. माणसात सगळं इतकं सरळ नसतं."

मी मान वर केली. "मॅडम, मग हिला माझ्यामुळं—"

"नाही, भाऊजी."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. आत्तापर्यंत प्रत्येक शब्द तोलून बोलणारी बाई.

"तिनं सांगून ठेवलं होतं ना तुम्हाला?"

मॅडमनी खोलीतला दिवा लावला. "शेवटच्या आठवड्यात. म्हणाल्या, आमचे हे विचारायला येतील. तुम्ही नाही म्हणा."

इथल्या एकोणीस वर्षांत तिनं एक ओळ कधी कमीजास्त लिहिली नव्हती.

"बरं," मी म्हणालो. "नाही तर नाही."

मॅडमना रडू आवरेना. मी बाहेरून ग्लासभर पाणी आणून दिलं आणि त्यांचं पिऊन होईपर्यंत रिकामा ग्लास घ्यायला उभा राहिलो.