भित्र्या मुकुटाची मिरवणूक

मित्रांनो, मी फिलिपिन्सच्या सौंदर्यस्पर्धेत वर्षभरासाठी निवडलेल्या राणीचा मुकुट. माझ्यावर सात मोती होते, आता पाच उरलेत. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो: मी जन्माचा भित्रा आहे.

मनिलातल्या एका कोंदट कारखान्यात मला घडवलं. चांदीची तार तापवून वाकवताना कारागीर पुटपुटायचा, "हलू नकोस रे." मी हलत नव्हतो, थरथरत होतो. मग मखमली पेटीत ठेवलं तेव्हा अंधाराची भीती वाटली, आणि मंचावर नेलं तेव्हा उजेडाची.

मंचावर शेवटचा प्रश्न होता, मुकुट मिळाला तर त्याचं काय करशील? समार बेटावरच्या कोळीवाड्यातली ज्यूडेलिन आबानिल फाड्‌फाड् इंग्रजीत म्हणाली की मी लोकांना 'स्टॉर्म सर्ज'पासून सावध करीन. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला तिच्या डोक्यावर ठेवलं आणि मी घसरून भुवईवर आलो. तेव्हा मला कळलं, ही पोरगीसुद्धा थरथरते आहे.

तिच्या भीतीचं कारण मला हळूहळू समजलं. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील पलीकडच्या बेटावर मासेमारीला गेले होते. वादळाने समुद्र ढकलत ढकलत तिथल्या गावात आणला, माडाइतका उंच. वडील परत आले नाहीत. घरात ती गोष्ट कुणी काढत नसे.

ते वर्षभर आम्ही देशभर फिरलो. दुकानांची उद्घाटनं, शाळा, टीव्ही. ती प्रत्येक ठिकाणी 'स्टॉर्म सर्ज' सांगायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. "मोती खरे आहेत का?" एवढंच विचारायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

नोव्हेंबरात आम्ही तिच्या गावी गेलो, तिचा सत्कार होता. पण सत्काराच्या दिवशी सकाळीच आभाळ जांभळं झालं. गावप्रमुख कॅप्टन दोमिंग कर्णा घेऊन फिरू लागले, "स्टॉर्म सर्ज येतोय. सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत चला." लोकांनी माना डोलावल्या, खिडक्या बांधल्या, तांदळाची पोती माळ्यावर चढवली आणि घरातच बसले. 'स्टॉर्म' म्हणजे वादळ, हे सगळ्यांना ठाऊक. तसली वादळं वर्षाला वीस येतात. 'सर्ज' काय ते कळलं नाही, म्हणून सोडून दिलं.

ज्यूडेलिन रेनकोट घालून दारोदार पळत होती. कुणी दार उघडेना. शेवटी ती तिच्या आजीकडे, लोला पासिंगकडे आली. लोलाचं घर तर पाण्याच्या अगदी काठावर. मी तिच्या पाठीवरच्या पिशवीत, पेटीतून सगळं ऐकत होतो.

"लोला, चला. स्टॉर्म सर्ज येतोय."

"येऊ दे. तुझ्या आईच्या जन्माआधीपासून वादळं बघतेय मी. आणि डुकरीण गाभण आहे, तिला सोडून कुठे जाऊ?"

"मी वर्षभर टीव्हीवर हेच सांगत होते ना?"

"इंदाय, माझ्या पोरी, टीव्हीवर तू इंग्रजीत बोललीस. अख्ख्या गावाने टाळ्या वाजवल्या. काय बोललीस ते देवालाच ठाऊक."

ज्यूडेलिनने पाठीवरची पिशवी खाली उतरवली. मग तिने पेटी उघडली.

मित्रांनो, मी अंग चोरून घेतलं. बाहेर पत्रे उडत होते. पण तिने मला डोक्यावर ठेवून मासेमारीच्या दोऱ्याने हनुवटीखाली घट्ट बांधलं, आणि दारावरून जाणाऱ्या कॅप्टन दोमिंगना म्हणाली, "चर्चमधला ढोल काढा."

त्या गावात मे महिन्यात राणीची मिरवणूक निघते. ढोल वाजला आणि राणी चालू लागली की घरात कुणी थांबत नाही, आजारी माणूससुद्धा खुर्चीवर बसून येतो. ढोल वाजला. आधी मुलं बाहेर आली, मग त्यांना ओढून आत न्यायला आया.

"मे महिना अजून लांब आहे गं," कुणीतरी ओरडलं.

"राणीला थंडी वाजतेय, लग्न करून टाका तिचं," दुसरा म्हणाला.

लोक हसले, पण दारं उघडी झाली होती. ज्यूडेलिन आजीच्या उंबऱ्यापाशी चिखलात गुडघ्यांवर बसली. आता तिच्या बोलण्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता, सगळं गावच्या बोलीत होतं.

"लोला, समुद्र गावात येणार आहे. शिंतोडे नाहीत, अख्खा समुद्र. तुमच्या छपराच्या वरून जाईल. माझे बाबा वाऱ्याने नाही गेले, असेच गेले."

लोला पासिंगने तिच्याकडे बघितलं. "मग असं सांग ना. ते सर्ज-बिर्ज काय लावलंयस?" ती उठली. "डुकरीण घेऊ?"

"घ्या."

ते ऐकून शेजारीही उठले. पुढे ढोल, मागे राणी, तिच्या मागे दोरीने ओढलेली डुकरीण आणि सगळा कोळीवाडा. चढावर वाऱ्याने माझे दोन मोती उपटून नेले. मी किंचाळलो असतो, पण मला तोंड नाही. शाळेत पोचल्यावर लोलाने मला आपल्या घागऱ्याखाली मांडीवर दडपून धरलं. दुपारी खाली मोठा आवाज झाला. पाणी माडांतून चालत आलं आणि लोलाचं घर जिथे होतं तिथे नुसता समुद्र उरला. मग डुकरीण ओरडली आणि लोला रडू लागली.

पुढच्या राणीला नवा मुकुट मिळाला. वाकड्या मुकुटाला परत कोण नेणार? मी शाळेच्या कपाटात आहे, माझ्यावर धूळ बसते. ज्यूडेलिन मला न घेताच गावोगाव जाते. आता ती भाषण करत नाही, म्हाताऱ्यांच्या पायरीवर जाऊन बसते. मी अजून भितो. खिडकीचं दार आपटलं तरी दचकतो.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला धोक्याची गोष्ट सांगायची वेळ आली, तर सांगून पळू नका. जवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला काय कळलं?" त्यांच्या तोंडून उत्तर ऐका, आणि मगच उठा.