शनिवारचं पाणी

मुफ्तीसाहेबांनी पाण्याचा अहवाल सावकाश वाचला आणि चष्मा काढून तौकीरभाईंकडे पाहिलं. "पानी साफ, नाप पूरा, दाम वाजिब. कमाई हलाल है. लेकिन मियाँ, जवाब उतने का ही है जितना आपने पूछा."

तौकीरभाईंचा चेहरा उजळला. बीरगांवातल्या त्यांच्या कारखान्यात पिण्याच्या पाण्याचे कॅन भरले जात, आणि त्याच कमाईवर त्यांची आई, सफूरा अम्मी, यंदा हजला निघाली होती. पैसा हलाल आहे, एवढं तिला जाणत्या माणसाकडून हवं होतं. अहवालावर सही रीनाची होती. केमिस्ट्रीत बीएस्सी झाल्यापासून ती तिथं पाणी तपासायची. काही विचारलं तर सांगेल, म्हणून शुक्रवारची सुटी असूनही तिला सोबत आणलं होतं.

तिला कुणी काही विचारलं नाही. परतताना मात्र मुफ्तीसाहेबांचं शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. प्रयोगाचंही तसंच असतं. जे मोजायला घेतलं, त्याचंच उत्तर मिळतं.

"भैया, कारखाने के बोअरवेल का नहीं पूछा आपने? परमिशन तो है नहीं."

"अरे दीदी, वो सरकारी कागज है. दीन-मजहब का मसला अलग." तौकीरभाई हसले. "चोरी कर रहे हैं क्या? अपनी जमीन, अपनी मेहनत."

त्याच संध्याकाळी अम्मी रीनाच्या घरी आली. हजला जाणारा माणूस निघण्याआधी दारोदार जाऊन कळत-नकळत झालेल्या चुकांची माफी मागतो. अम्मीने सकाळपासून अर्धा मोहल्ला पालथा घातला होता.

"कहा-सुना माफ करना, शेवंता."

"माफी कायची, बाई? तुमी आमचं का बिघडवलं?" रीनाच्या आईने खुर्ची पुढे केली आणि कॅनमधलं पाणी दिलं. "हापशी आटली ना. पाहुण्याले विकतचं पाजून राहिलो."

"बिल्कुल सूख गयी?"

"शनिवारी सकाळी येते थोडं. शेजारचा हिरालाल म्हणते, बजरंगबलीची कृपा. म्या म्हटलं, मंग आम्हा बुद्धाच्या लोकाइले काहून देऊन राहिला?"

दोघी खळखळून हसल्या. रीना हसली नाही. शनिवारी सकाळी! शुक्रवारी जुम्म्याची सुटी, दिवसभर कारखान्याचा पंप बंद. जमिनीतलं पाणी तेवढ्यात वर सरकत असणार. पाण्यात काय आहे हे ती रोज तपासत होती. ते कुणाच्या वाट्याचं आहे, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"तू भी माफ कर दे, बेटी." अम्मीने तिचा हात धरला.

मान हलवली असती तर भागलं असतं. नोकरीही राहिली असती. पण ही म्हातारी ती माफी खरी समजून मक्केला जाणार होती.

"अम्मी, लोगों को मालूम ही नहीं, वो क्या माफ कर रहे हैं," रीना म्हणाली. मग तिने बोअरवेलचं सांगितलं, परवानगीचं सांगितलं, शुक्रवार-शनिवारचं सांगितलं. "मेरा अंदाज है. गलत भी हो सकता है. पंप दो-तीन दिन बंद रखो तो पता चलेगा."

"का बोलून राहिली, पोट्टी?" शेवंता पुटपुटली. अम्मीने ग्लास तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, अम्मी स्वतः मुफ्तीसाहेबांसमोर बसली. तौकीरभाई मान खाली घालून शेजारी, रीना दाराशी. या वेळी उत्तर लांबलं. पाणी विकणं हलालच, मेहनतीची कमाई तेवढ्याने हराम होत नाही. पण ज्या देशात राहतो, त्याचे कायदे पाळायचा करार आपण राहूनच केलेला असतो. लोकांच्या भल्याचा नियम मोडणं हा वेगळा गुन्हा, आणि तो कमाईमागे लपत नाही.

"और जिसका पानी गया," ते अम्मीला म्हणाले, "उसका हक हज से भी माफ नहीं होता. वो उसी से माफ कराना पड़ेगा."

कारखान्यात परतताच तौकीरभाईंनी पंप बंद करून खोलीला कुलूप लावलं. "लो दीदी, करो एक्सपेरिमेंट," एवढंच ते बोलले.

अम्मी पुन्हा शेवंताच्या दारात उभी राहिली. या वेळी तिने सगळं सांगून माफी मागितली.

शेवंताने हापशीकडे बोट दाखवलं. "काल माफी कायची म्हटलं होतं, बाई. आज तसं नाही म्हणत. शनिवारचं तं येतेच. सोमवारी आलं तं माफीचं सांगीन."

सोमवारी उजाडताना रीना बाहेर आली, तेव्हा अम्मी आधीच हापशीपाशी पोचली होती. तिने ओढणी खोचली, दांडा धरला. नुसती हवा आली, घरघर करत. अम्मीने दांडा सोडला नाही. ती हापसतच राहिली.

शेवंता दारातून ते पाहत होती. मग तिने बादली नळीखाली सरकवली आणि दांड्यावर अम्मीच्या हाताशेजारी आपला हात ठेवला.

"सरका जराशा," ती म्हणाली. "दोघी मिळून हापसू."