मेजावरचा कांगा

मित्रांनो, डिचोलीच्या या घरात मला सगळे जुना मेजपोस समजतात. समजू देत. मी मोंबासाचा कांगा आहे. तिकडच्या बायका मला नेसतात आणि जे तोंडानं बोलवत नाही ते माझ्याकडून बोलून घेतात. माझ्या काठावर स्वाहिलीत एक वाक्य छापलेलं असतं. शेजारच्या मुलुखातल्या भावंडभाषा बोलणाऱ्यांनाही ते अर्धंमुर्धं कळतं. मालवणी-कोंकणीसारखं, उरलेलं भांडणात कळतं.

आम्ही जोडीनं जन्मतो. माझा जोडीदार मोंबासातल्या जानकीनं ठेवून घेतला आणि मला धाकट्या बहिणीला, या घरातल्या पद्मावतीआजीला धाडलं. दोघी मोंबासात वाढल्या, गुपितं स्वाहिलीतच बोलल्या. तिकडे आई आजारी पडली तेव्हा इथं लग्न होऊन आलेली पद्मावती गेली नाही. तेव्हापासून जानकीनं अबोला धरला होता.

पुडकं उघडलं सूनबाई गौरवीनं. काजूची नक्षी तिला आवडली. डिचोलीत काजूचं काय कौतुक! पण खालची अक्षरं पाहून ती म्हणाली, "कंपनीची जाहिरात दिसता." आणि कात्री लावली. मी मेजावर गेलो. तिकडेही मेजाला मेझाच म्हणतात, म्हणून फार परकं वाटलं नाही.

आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं मला चाचपलं.

"गौरवी, काय लिवलाहा गो ह्याच्यार?"

"काय नाय आई. नुसते काजू."

आजीचा हात थांबला. "कोरोच धाडलान. म्हणजे अजून रागातच आसा."

कापलेली पट्टी वाया जाऊ नये म्हणून गौरवीनं ती आजीच्या काठीच्या मुठीला गुंडाळली. हात सटकत नाही म्हणून आजीनं सुनेचं कौतुकही केलं.

यंदा डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवरची पट्टी सुटली आणि काठी हातात धरून आजीनं मुठीवरचं एकेक अक्षर वाचलं: "निमेकुसामेहे."

"म्हणजे काय ओ आई?"

"मी तुला माफ केलं."

गौरवीनं लगेच मोंबासाला फोन लावला. आजीचा भाचा गोकुळदास म्हणाला, "आई गेली गो मावशी, चवथीच्या आधी. शेवटपर्यंत इचारी, पद्मान नेसलान काय?"

आजी उठली. मेजावरची बशी तिनं बाजूला ठेवली, मला उचललं आणि लुगड्यावरून नेसली. गौरवीनं रडत रडत काठीवरची पट्टी सोडवून मला जोडली ती नेमकी उलटी. आजीनं उसवू दिली नाही.

मित्रांनो, न कळणाऱ्या अक्षरांना कात्री लावण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा. माझी आजी वर्षभर माफी मुठीत धरून चालत होती, आणि बहीण रागावली म्हणून झुरत होती.