सहा चुली, एक स्टोव्ह

कमलबाईंच्या घरात तेव्हा खोल्या चार होत्या, बायका सात, घागरी सात, चुली सहा आणि रॉकेलचा स्टोव्ह एक. स्टोव्ह माझा. बी.एस्सी. होऊन मी तालुक्याच्या या गावी शाळेत विज्ञान शिकवायला आले, आणि एकट्या मुलीला कोणी खोली देईना म्हणून कमलबाईंकडे पोचले. भाडं किती, असं विचारलं तर त्या हसल्या.

"हितं कुनी भाडेकरू न्हाई. जागा हाय तवर ऱ्हा."

कमलबाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा गेला, घर त्यांच्या नावावर झालं, आणि जिला कुठे थारा नाही अशी एकेक बाई तिथे येत गेली. वालूरची चतुराबाई नवऱ्याने टाकलेली. पूर्ण्याच्या नागुबाईंना दिरांनी घराबाहेर काढलेलं. त्या लिंगायत, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणीही घेत नसत. धुरपताबाई बौद्ध. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत तिचं घर जाळलं, त्यानंतर ती गावी परतलीच नव्हती. एकीला ताप आला तर दुसरी रात्रभर उशाशी बसे, पण भाकरी मात्र जिची तिची. चूलही जिची तिची.

१९८६ च्या जानेवारीत नगरपालिकेची नोटीस आली. निवासी विभागातल्या या घरात अनेक कुटुंबं ठेवून विनापरवाना वसतिगृह चालवलं जात आहे, ते महिनाभरात बंद करावं. तक्रार शेजारच्या बन्सीधरशेठची होती. कापडाच्या गोदामासाठी हे घर त्यांना कधीपासून हवं होतं. बायका गेल्या तर एकट्या कमलबाई किती दिवस टिकणार, असा त्यांचा हिशोब. घर कमलबाईंचंच राहणार होतं. बाकी आम्ही सहा जणी रस्त्यावर.

मी नगरपालिकेत जाऊन नियम मागितला. ओव्हरसियर दिनकररावांनी पुस्तक पुढे सरकवलं. निवासी विभागात एका घरात एक कुटुंब, हे मला ठाऊक होतं. कुटुंब म्हणजे काय, ते त्यांनी बोट ठेवून दाखवलं: एका छताखाली राहणाऱ्या आणि नेहमी एकाच चुलीवरचं अन्न खाणाऱ्या व्यक्ती. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात रक्ताचं नातं नव्हतं, लग्न नव्हतं, जात नव्हती.

"मग आम्ही कुटुंब होऊ शकतो?"

"होऊ शकता. पण मी नुसत्या तोंडी सांगण्यावर लिहीत नाही, बाई. येऊन बघेन, कधीही येईन."

संध्याकाळी अंगणात सगळ्यांना ते वाक्य वाचून दाखवलं.

"म्हंजी पाच चुली फोडायच्या," चतुराबाई म्हणाली.

"आन मटन?" नागुबाईंनी विचारलं. "माज्या अन्नाच्या चुलीवर मटन चढलं तर मी उपाशी मरन."

"वर्साला दोनदा खाते मी मटन," धुरपताबाई म्हणाली. "घर रोज लागतं. सोडलं मटन. पर माजं बी ऐका. मी कोपऱ्यात बसून जेवनार न्हाई. चूल एक, तर रांधायची पाळी बी सगळ्यांची. माज्या पाळीला माज्या हातची भाकर. सगळ्यांनी खायची."

सगळ्यांनी नागुबाईंकडे पाहिलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कमलबाई हळूच म्हणाल्या, "झालं. आता बन्सीधरला किल्ली देऊन टाकावी."

सकाळी ठोकण्याच्या आवाजाने जाग आली. नागुबाई पदर खोचून सब्बलीने स्वतःची चूल फोडत होत्या. चुलीचा एक भाग भिंतीला चिकटून होता, तोही त्यांनी खरवडून काढला.

"बघायलीस काय नुसती? घमेलं आन." मी घमेलं आणलं तशी त्यांनी सब्बल माझ्या खोलीकडे रोखली. "आन तुजा त्यो फुसफुस करनारा? त्येच्यावरचं अन्न तू एकलीच खातीस की. ती चूल न्हाई व्हय?"

स्टोव्ह मी हिशोबात धरलाच नव्हता. त्याच दिवशी तो शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला.

सहाही चुलींची माती अंगणात भिजली. तुडवली सगळ्यांनी, चूल घातली धुरपताबाईने: दोन तोंडांची, परात मावेल एवढी रुंद. मोडलेल्या जागा शेणाने सारवल्या.

गुरुवार धुरपताबाईचा ठरला. पहिल्या गुरुवारी नागुबाईंनी पूजा आटोपली, पंगतीत बसल्या आणि ताटातल्या भाकरीकडे बघत राहिल्या. कोणी घास उचलला नाही. मग त्यांनी तुकडा मोडला, करडईच्या भाजीला लावला आणि खाल्ला.

"मीठ कमी हाय."

"उद्या तुमची पाळी हाय, आक्का. टाका की मूठभर."

चतुराबाईला हसताना ठसका लागला.

तिसऱ्या गुरुवारी आम्ही जेवत असताना दिनकरराव दारात आले, मागे बन्सीधरशेठ. गुरुवारच गाठा, असं शेठनीच सुचवलं होतं, हे नंतर कळलं.

"हे सगळं नाटक आहे, साहेब," शेठ म्हणाले. "तव्यावर कोण आहे बघा. ही नागुबाई त्या धुरपताच्या हातचं खाईल का? विचारा ना. आत्ता निकाल लागतो."

नागुबाईंच्या हातात अर्धी भाकरी होती. ती त्यांनी वर धरली.

"दोन झाल्या, शेठजी. ही तिसरी हाय. तुमाला वाढू का?"

शेठ एक पाऊल मागे सरले.

"बसा की," धुरपताबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "पर इचार करून बसा. रोज जेवाया लागलात, तर साहेब तुमाला बी आमच्या कुटुंबात धरतील."

कमलबाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. शेठ बाहेर जाऊन उभे राहिले, आणि थोड्या वेळाने तिथेही दिसेनात.

दिनकरराव चारही खोल्यांतून फिरले. सारवलेल्या जागा पायाने चाचपून पाहिल्या. अंगणातल्या चुलीमागच्या भिंतीवर बोट फिरवलं, ते काळं झालं. पंगतीतली ताटं मोजली, धुरपताबाईचं झाकून ठेवलेलं ताटही धरलं. मग ओट्यावर बसून त्यांनी पंचनामा लिहिला आणि सही करायला कमलबाईंपुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचला:

खोल्या चार. चुली एक. जेवणाऱ्या सात. कुटुंबे एक.