मानेची ओळ

ऑड्री पिंडरने आपले चांगले बूट तुरुंगाच्या रखवालदाराला देऊन टाकले आणि त्याच्याकडून स्तोत्रांचं एक जुनं पुस्तक घेतलं. तिचा धाकटा भाऊ जर्व्हिस तिच्यावर खेकसला. एवढ्या थंडीत अनवाणी बसून देवाचं नाव घ्यायची हौस आलीय का तुला, म्हणाला. हौस कसली डोंबलाची! त्या पुस्तकात एक ओळ होती. इंग्लंडातल्या लिंकन शहराकडचे लोक तिला मानेची ओळ म्हणत, कारण कोर्टात ती वाचून दाखवणाऱ्याची मान फासातून सुटायची. वाचता येतं म्हणजे हा पाद्र्यांपैकी, आणि पाद्र्याला राणीचं कोर्ट लटकवत नाही, असा तो जुनापुराणा कायदा. पाद्री राहिले बाजूला, चोरांचंच त्यात फावलं होतं. अंगठ्यावर डाग घ्यायचा आणि घरी जायचं. ही सूट एकदाच मिळायची, पण फाशी तरी कुठे दोनदा होते?

दोघांनी मिळून मेंढी मारली होती. पावसाने वर्षामागून वर्ष पिकं कुजवली होती, दलदलीकाठच्या त्यांच्या गावात माणसं गवताची मुळं उकडून खात होती, आणि आई अंथरुणाला खिळली होती. जर्व्हिसने जमीनदाराच्या कळपातली मेंढी ओढून आणली, ऑड्रीने तिचे पाय धरले. मटण शिजत आलं असतानाच लोक दारात आले. आईच्या तोंडात रश्शाचा घोट काही पडला नाही, आणि आठवड्याभरात ती गेली. ऑड्रीला चोरीपेक्षा तेच जास्त सलत होतं.

आता गंमत बघा. वाचता येत होतं ते ऑड्रीला. लहानपणी ती पाद्रीबुवांच्या घरी कामाला होती, तिथे त्यांच्या मुलींबरोबर बसून शिकली होती. जर्व्हिसला मेंढ्यांतलं सगळं कळे, अक्षर मात्र एक कळत नसे. आणि सूट होती ती पुरुषाला. बाई पाद्री होऊ शकत नाही, म्हणजे तिने अख्खं पुस्तक घडाघडा वाचलं तरी कायद्याला त्याचं काही नाही. हे रखवालदाराच्या बायकोने ऑड्रीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आग लागो असल्या कायद्याला! जर्व्हिसला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि ऑड्रीने ते कळू दिलं नाही. ही मरणार हे समजलं असतं तर त्या हट्टी पोराने पुस्तक भिरकावलं असतं आणि तिच्या शेजारी फासाखाली उभा राहिला असता. तिने त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता, तिला ठाऊक नसणार तर कुणाला?

दोघांच्या पायांत बेड्या होत्या आणि दोघं समोरासमोरच्या भिंतींना जखडलेली होती. पुस्तक मधे जमिनीवर, जर्व्हिसकडे तोंड करून ठेवलेलं. त्यामुळे ऑड्रीला सगळं उलटं दिसे. सुरुवातीला ती अडखळली, पण हळूहळू डोळ्यांना सवय झाली आणि उलटी अक्षरं ती सुलट्याइतकीच भरभर वाचू लागली. ओळ पापी माणसाने देवाकडे दया मागितल्याची होती. जर्व्हिसने ती बघता बघता पाठ केली, आणि तिथेच पंचाईत झाली. डोळे मिटून तो एका दमात म्हणून मोकळा व्हायचा.

"अरे, वाचतोयस की गिळतोयस?" ऑड्री चिडायची. "बोट ठेव त्या अक्षरांवर. जिथे बोट, तिथे जीभ. पाठ केलेलं त्यांना लगेच कळतं. मग ते दुसरं पान उघडतात."

"तुझं बरंय गं," तो म्हणायचा. "तुला सगळं पुस्तकच येतं. न्यायाधीश हात जोडून म्हणेल, बाई, आता पुरे कर."

ऑड्री हसायची. ते हसणं तिला फार जड जायचं.

न्यायाधीश आले, खटला उभा राहिला आणि दोघंही दोषी ठरली. त्याला काही वेळ लागला नाही. जर्व्हिसने सूट मागितली, तेव्हा वाचन तपासायला बसलेल्या बिशपच्या माणसाने पुस्तक उघडून त्याच्या हातात दिलं. ऑड्रीचा जीव टांगणीला लागला. पण पोराने बोट ठेवलं, सावकाश सरकवलं, आणि तिने सांगितलं होतं त्याच शब्दाला अडखळलासुद्धा. वाचतो का, असं न्यायाधीशांनी विचारलं. वाचतो, पाद्र्यासारखा वाचतो, बिशपचा माणूस म्हणाला. तापलेल्या लोखंडाने अंगठ्यावर डाग दिला तेव्हा जर्व्हिसने ओठ चावला, आणि मग ऑड्रीकडे बघून भुवया उडवल्या. आता तुझी पाळी.

न्यायाधीशांनी ऑड्रीला फाशी सुनावली.

जर्व्हिस आधी हसलाच. म्हाताऱ्या न्यायाधीशाच्या लक्षातून राहून गेलं असेल असं त्याला वाटलं. मग शिपायाने तिचा दंड धरलेला त्याने पाहिला.

"सरकार, हिला पुस्तक द्या की!" तो ओरडला. "ही माझ्यापेक्षा चांगलं वाचते. मला तर हिनेच..."

"हिनेच काय?" न्यायाधीशांनी विचारलं.

बिशपच्या माणसाचा हात पुस्तकाकडे गेला. त्याने आता दुसरं कुठलंही पान जर्व्हिससमोर धरलं असतं तर सगळं संपलं असतं.

"सरकार, त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका," ऑड्री म्हणाली. "माझ्या दुःखाने त्याचं डोकं फिरलंय. मी अडाणी बाई, मला कुठलं आलंय वाचायला?"

न्यायाधीशांनी खूण केली आणि बिशपच्या माणसाने ते पुस्तक होतं तसं उघडंच तिच्यापुढे केलं. ऑड्रीने ते घेतलं, फिरवून उलटं धरलं, आणि काहीच कळत नसल्यासारखी पानाकडे बघत राहिली. मागच्या बाकांवर लोक खुसखुसले.

"काय लिहिलंय?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काळं काळं कायतरी आहे, सरकार."

आता लोक मोठ्याने हसले. न्यायाधीशही हसले, आणि त्यांनी जर्व्हिसला बाहेर न्यायला सांगितलं. जर्व्हिस मात्र हसत नव्हता. तिच्या हातातलं उलटं पुस्तक त्याने पाहिलं, आणि तुरुंगातल्या जमिनीवरचं ते पुस्तक त्याला आठवलं. सगळं त्याच्या ध्यानात आलं. त्याचं तोंड उघडलं. ऑड्रीने मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, लहानपणी दटावायची तसं. त्याने तोंड मिटलं आणि शिपायाबरोबर चालू लागला.

पान तेच होतं. ऑड्रीने ती ओळ मनातल्या मनात वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग तिच्या पुढचीही, जी जर्व्हिसला लागणार नव्हती म्हणून तिने कधी शिकवलीच नव्हती. आता ती स्वतःसाठी वाचत होती. बोट मात्र तिने पानावर ठेवलं नाही.