दोन ड्रायव्हर

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या आपल्या घराचं बेसमेंट रविकांतने एका ऑस्ट्रेलियन पोराला भाड्याने दिलं, ते केवळ बायकोने, सीमाने, गळ घातली म्हणून. कॅलम त्याचं नाव. दिवसा टायरच्या दुकानात काम करायचा आणि शनिवारी गावाबाहेरच्या लंबगोल ट्रॅकवर स्टॉक कार पळवायचा. वरून साध्या मोटारीसारख्या दिसणाऱ्या त्या गाड्या एकमेकींना घासत, ढुशा देत गरगर फिरत. अमेरिकेतल्या मोठ्या शर्यतींत उतरायचं त्याच्या मनात होतं. तिथलं दार थेट उघडेना म्हणून तो आधी कॅनडात आला होता.

“शेवटी ड्रायव्हरच ना,” रविकांत म्हणाला होता.

सीमा त्याच्याकडे नुसती बघत राहिली. रविकांतचे वडील भाऊसाहेब आयुष्यभर वर्धा डेपोत एस.टी.चे ड्रायव्हर होते, आणि टोरांटोत हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. निदान रविकांतची तशी समजूत होती.

नागपूरला इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवर कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? ‘एस.टी.त ऑफिसर आहेत,’ तो बोलून गेला. ते एक वाक्य त्याच्याबरोबर पुण्याला गेलं, मग कॅनडात आलं, आणि वाटेत भाऊसाहेबांना बढत्याही मिळत गेल्या. इथल्या मित्रमंडळींत ते थेट विभाग नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते.

मग एका उन्हाळ्यात भाऊसाहेब स्वतःच आले. रविकांत आणि सीमा सकाळी कामावर निघून जात. भाऊसाहेब घरात एकटे पडत आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसत. तिथे त्यांना कॅलम भेटला. भाऊसाहेबांचं इंग्रजी ‘गुड’ आणि ‘नो गुड’ यांच्या पुढे जात नव्हतं, आणि कॅलमला मराठीचा गंध नव्हता. तरी दोघांचं जमलं. भाऊसाहेबांनी हवेत स्टेअरिंग धरून, गुडघ्याजवळ गिअर टाकून आपण काय करायचो ते दाखवलं, पाकिटातला लाल एस.टी.शेजारचा फोटोही काढला, तसा कॅलम उठून उभा राहिला आणि त्याने त्यांच्याशी हात मिळवला. तेव्हापासून शनिवारी भाऊसाहेब त्याच्या पिकअपमध्ये बसून ट्रॅकवर जायला लागले. संध्याकाळी परत येत ते धुळीने माखून आणि हसत. “पोट्टं भारी चालवते बे,” ते सांगत. “भीती नाही त्याले.”

रविकांत हूं म्हणून लॅपटॉपमध्ये डोकं घालत असे.

ऑगस्टमध्ये त्याने वडिलांच्या निमित्ताने मित्रांना जेवायला बोलावलं. जयदीप आणि त्याची बायको चैत्राली आली, आणखी दोन जोडपी आली. भाऊसाहेब नवा झब्बा घालून सोफ्यावर बसले होते. चैत्रालीने आदराने विचारलं, “काका, तुम्ही विभाग नियंत्रक होतात ना? केवढी जबाबदारी असेल.”

रविकांतच्या हातात पाण्याचा जग होता. या प्रश्नाचा विचार त्याने केला नव्हता असं नाही. वेळ येईल तेव्हा बघू, म्हणून तो पुढे ढकलला होता. भाऊसाहेबांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. काही तरी समजून घेतल्यासारखं त्यांनी पाहिलं, आणि मग चैत्रालीकडे वळून म्हणाले, “हो जी. होतो.”

तेवढ्यात बेसमेंटचा जिना चढून कॅलम वर आला. सीमाने त्यालाही जेवायला सांगितलं होतं. बोलणं इंग्रजीत वळलं, कुणी तरी त्याला काकांशी मैत्री कशी झाली ते विचारलं.

“ओह, भाऊ इज अ ड्रायव्हर,” कॅलम कौतुकाने म्हणाला. “ऑल हिज लाइफ. बिग रेड बसेस. ही इज वन ऑफ अस.”

रविकांतने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी भाऊसाहेबच हसले. हात हलवत म्हणाले, “नो, नो. ड्रायव्हर नो. ऑफिस.” आणि इतरांना मराठीत समजावलं, “माह्यं इंग्रजी कच्चं हाये. त्याले समजलं नाही.”

कॅलमने एकदा भाऊसाहेबांकडे, एकदा रविकांतकडे पाहिलं. “माय मिस्टेक,” तो म्हणाला आणि ताटात खाली बघून जेवू लागला.

त्या पुढच्या शनिवारी भाऊसाहेब ट्रॅकवर गेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. सीमा रविकांतला म्हणाली, “आता तरी बोल त्यांच्याशी.” तो बोलणार होता. पण रोज सकाळी वडील त्याला नेहमीसारखंच विचारत, चहा घेतला का, आणि तो ‘घेतला’ म्हणून कामाला निघून जाई. विमानतळावर त्यांना सोडतानाही तो फक्त गोळ्या वेळेवर घ्या एवढंच म्हणाला.

कॅलम त्याच हिवाळ्यात अमेरिकेला गेला. एका छोट्या संघाने त्याला गाडी दिली. पहिल्या वर्षी त्याने दोनदा ती भिंतीवर आपटली, तिथले लोक त्याला हसले. दुसऱ्या वर्षी दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर तो जिंकला आणि एकदम सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव झालं. त्या उन्हाळ्यात त्या अमेरिकन शर्यतींची मालिका एका शर्यतीपुरती इकडे कॅनडात, ओंटारियोत आली. रविकांतचा हा भाडेकरू होता हे मित्रांना आठवलं. “अरे, ओळख करून दे ना,” म्हणून जयदीप आणि बाकीचे त्याच्याबरोबर निघाले. रविकांतही वाटेत बेसमेंटच्या गोष्टी सांगत होता. आपण त्याला कसा आधार दिला, वगैरे.

कॅलम तिसरा आला. शर्यतीनंतर कुंपणाशी गर्दी होती. त्याने रविकांतला पाहिलं, घामाने चिंब अंगानेच जवळ आला, सगळ्यांशी हात मिळवला. मग मागे कुणाला तरी शोधावं तसं पाहत म्हणाला, “व्हेअर इज भाऊ?”

“ही इज इन इंडिया,” रविकांत म्हणाला.

“टेल हिम आय आस्क्ड,” कॅलम म्हणाला. बस्स इतकंच. जुनं काही त्याने काढलं नाही, उलट जरा जपूनच बोलला, आणि त्या जपण्यानेच रविकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्या पोराला आपली अब्रू सांभाळावी लागत होती.

पार्किंगमध्ये तो थांबला. “जयदीप, माझे बाबा ड्रायव्हर होते. वर्धा डेपोत. त्या दिवशी कॅलम खरं बोलत होता.”

बाकीचे पुढे गेले होते. जयदीपने गाडीची किल्ली हातात फिरवली. “माहीत आहे रे.”

“कसं?”

“माझा मामा आर्वीचा. सुट्टीत त्याच्याकडे जायचो तेव्हा वर्ध्याहून काकांची गाडी असायची. मला आपल्या शेजारी बॉनेटवर बसवायचे. त्या दिवशी हसले तेव्हा ओळखलं मी. नंतर पार्कमध्ये आम्हाला भेटले, तर विचारलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, रवीला कळू देऊ नका तुम्हाला माहीत आहे ते. त्याला वाईट वाटेल. मग आम्ही कुणीच विषय काढला नाही.”

घरी येईपर्यंत रविकांत मनात तेच घोळवत राहिला. ज्या लोकांसाठी त्याने वडिलांना खोटं बोलायला लावलं, त्यांना खोटं कधी लागलंच नव्हतं. पडदा होता तो एकट्या रविकांतसाठी, आणि तो धरून उभे होते भाऊसाहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन लावला. वर्ध्यात संध्याकाळ होती.

“पोट्टं कितवं आलं?” भाऊसाहेबांनी आधी हेच विचारलं. शर्यतीचं सीमाने त्यांना कळवलं होतं.

“तिसरा. तुमची आठवण काढत होता.” रविकांत थांबला. “बाबा, मी जयदीपला सांगितलं. तुम्ही काय होता ते. फार आधी सांगायला हवं होतं. त्या दिवशी मी तुम्हाला...”

भाऊसाहेब म्हणाले, “काहून सांगतलं? चाललं असतं तसंच.”

“नाही चालत.”

“बरं.”

“पुढच्या उन्हाळ्यात या ना. कॅलमची शर्यत असेल. आपण दोघं जाऊ.”

“बघू,” भाऊसाहेब म्हणाले. “थंडी सोसत नाही आता तिकडची.”

ते आले होते ते मे महिन्यात, आणि परतले तेव्हा पानंसुद्धा गळाली नव्हती. त्यांनी इथली थंडी पाहिलीच नव्हती. रविकांत ते बोलला नाही. “बरं बाबा,” म्हणाला, आणि फोन कानाला तसाच धरून राहिला.